तालीम सुरू व्हायची वेळ ठरते, संपायची का नाही?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुलै उजाडला की महाविद्यालयांच्या पोर्चमध्ये, पार्किंगच्या कोपऱ्यात, बंद कँटीनमध्ये एकांकिकांच्या तालमी सुरू होतात. पुण्यातला पुरुषोत्तम करंडक ही महाविद्यालयीन एकांकिकांची स्पर्धा १९६३पासून चालत आली आहे. तिची प्राथमिक फेरी साधारण ऑगस्टमध्ये असते. त्यामागोमाग ठिकठिकाणच्या स्पर्धा, आणि ज्यांची एकांकिका गाजली त्यांच्यासाठी थेट २५ जानेवारीच्या रात्रीची मुंबईतली ‘सवाई’ एकांकिका स्पर्धा. म्हणजे एकच संहिता घेऊन पोरं सहा-सहा महिने जगतात. या काळात ती किती झोपतात, काय खातात आणि डिसेंबरात कोणत्या अवस्थेला पोचलेली असतात, यावर फारसं कुणी बोलत नाही. आम्ही हौशी रंगभूमीवर दिग्दर्शन, रंगमंच व्यवस्था आणि प्रकाशयोजना पाहणारी मंडळी आहोत. यंदाच्या तालमी रंगात येण्याआधी काही गोष्टी रोखठोक मांडाव्यात म्हणून हे पत्र.

दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला ग्रुपमधला सगळ्यांत राबणारा एखादा मुलगा किंवा मुलगी अचानक नाटक सोडून देते. ‘आवड कमी झाली’, ‘करिअरच्या मागे लागली’ असं म्हणून विषय मिटतो. खरं तर बेताची आवड असणारे असे मोडत नाहीत. त्यांना सात वाजता भूक लागते, नऊ वाजता घर आठवतं आणि ते निघून जातात. मोडतो तो, ज्याला वेळेचं भानच राहत नाही. नावडत्या कामात थकवा लगेच कळतो, कारण मन निघायला निमित्तच शोधत असतं. आवडत्या कामात तेच मन थकव्याची खबर दाबून ठेवतं. म्हणून ‘दमलास की थांब’ हा सल्ला इथे कुचकामी आहे. दमल्याचं कळतं तेव्हा फार उशीर झालेला असतो. थांबायची वेळ आधीच, डोकं थंड असताना ठरवावी लागते आणि ती पाळायचं काम दुसऱ्या कुणाकडे तरी सोपवावं लागतं. आमचं सगळं म्हणणं एवढंच आहे. ते जमवायचं कसं, हा खरा प्रश्न.

‘बर्नआउट’ म्हटलं की आपल्याला आयटीवाले आणि त्यांची टार्गेटं आठवतात. पण हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने १९७४ साली या अवस्थेवर लिहिलं ते न्यूयॉर्कमधल्या मोफत दवाखान्यात राबणाऱ्यांना पाहून. त्यांतले बरेच स्वयंसेवक होते, कुणी न सांगता आलेले. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९मध्ये आपल्या आयसीडी-११ या वर्गीकरणात त्याची तीन अंगं नोंदवली : अंगातलं बळ संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल दुरावा किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून काही धड होत नाही ही भावना. संघटनेने ही व्याख्या नोकरी-व्यवसायापुरती ठेवली आहे. हौशी नाटकवाला त्यात कुठे बसत नाही. त्याला पगार नाही, म्हणून ड्यूटीचे तास नाहीत, रजा नाही, ओव्हरटाइमचा हिशेब नाही. उलट ‘नाटकासाठी एवढंही नाही करणार?’ हे एक वाक्य आहे, आणि त्यापुढे भल्याभल्यांची बोलती बंद होते.

आधी तासांचं बोलू. पाऊण तासाची एकांकिका बसवायला किती वेळ लागतो? सहा आठवडे, आठवड्याचे सहा दिवस, रोज तीन तास धरले तर १०८ तास होतात. म्हणजे रंगमंचावरच्या एकेका मिनिटामागे जवळजवळ अडीच तास. संहिता पक्की असेल तर यात वाचन, हालचाली, पाठांतर, तांत्रिक तालीम आणि दोन रंगीत तालमी आरामात बसतात. तरीही शेवटच्या पंधरवड्यात तालमी रात्री दोन-दोनपर्यंत चालतात. का, ते शोधायचं तर एका वहीत दोन रकाने करा : कोण किती वेळ हजर होतं आणि त्यातला किती वेळ प्रत्यक्ष उभं राहून काम केलं. आठवडाभर प्रामाणिकपणे भरले तर दुसरा रकाना पाहून दिग्दर्शकाला घाम फुटेल. दोघांचा प्रवेश दीड तास चालला आणि बाकीचे चौघे मोबाइल पाहत भिंतीला टेकून बसले, तर सहा तास वाया गेले. कुणीच ते मोजले नाहीत, कारण ‘सगळे एकत्र असलेलं बरं असतं’. एकत्र असलेलं बरं असतं हे खरं, पण ते पहिल्या आठवड्याच्या वाचनाला आणि शेवटच्या दहा दिवसांच्या रन-थ्रूला, म्हणजे न थांबता केलेल्या सलग तालमीला. मधले तीन आठवडे प्रवेशवार बोलवा. आदल्या रात्रीच कळवा : साडेपाचला हे दोघे, सव्वासहाला ते तिघे, साडेसातनंतर सगळे.

वेळ गळण्याची दुसरी जागा नाजूक आहे. माजी विद्यार्थी. ऑफिस सुटल्यावर, जेवूनबिवून ते रात्री दहाला येतात. त्यांचं प्रेम खरं असतं आणि नजरही तयार असते. पण ते आले की आठवडाभर बसवलेल्या हालचाली मोडून नव्याने सुरुवात होते. सगळ्या ग्रुपचं घड्याळ त्यांच्या घड्याळावर चालायला लागतं. दुसऱ्या दिवशी त्यांना दहाला ऑफिस गाठायचं असतं. पहिल्या वर्षाच्या मुलीचं प्रॅक्टिकल सकाळी साडेसातला असतं. सीनिअरांना ‘येऊ नका’ म्हणण्याचं कारण नाही. आठवड्यातले दोन दिवस ठरवून द्या, सात ते नऊ. ज्याला जमेल तो येईल, ज्याला जमणार नाही तो रन-थ्रूचा व्हिडिओ पाहून दहा ओळींत मत कळवेल. अनेकदा लिहून आलेलं मत बोललेल्यापेक्षा कामाचं निघतं, कारण लिहिताना माणूस ‘काहीतरी मिसिंग आहे’ एवढ्यावर थांबू शकत नाही.

आता संपायची वेळ. ती पुढून मोजू नका, मागून मोजा. सकाळी साडेसहाला उठायचं आणि सात तास झोप हवी, म्हणजे रात्री साडेअकराला पाठ टेकलेली पाहिजे. घरी पोचल्यावर अंघोळ, दोन शब्द, डोकं शांत होणं यांना तास जातो, म्हणजे साडेदहाला घरी. ग्रुपमध्ये सगळ्यांत लांब राहणाऱ्याला तासाभराचा प्रवास असेल, तर साडेनऊला तालीम बंद. ग्रुपमधल्या सगळ्यांत जवळच्या हॉस्टेलवाल्याच्या सोयीने ही वेळ ठरवली जाते, तिथे गाडं अडतं. लांबच्या मुलाने ‘माझी शेवटची लोकल आहे’ असं रोज सांगायचं, म्हणजे त्याने रोज अपराधी वाटून घ्यायचं.

ही वेळ पाळायची कुणी? दिग्दर्शकाने नाही आणि मुख्य भूमिकेतल्या नटानेही नाही. तेच सगळ्यांत जास्त रंगलेले असतात. रंगमंच व्यवस्थापकाने. हॉलची किल्ली त्याच्याकडे ठेवा आणि नऊ पंचवीसला दिवे मालवायचा अधिकार त्याला पहिल्याच बैठकीत सर्वांसमक्ष द्या. प्रवेश ऐन रंगात असताना तालीम तोडावी लागली तर बिघडत नाही. उलट, कोणत्या वाक्यावर थांबलो ते संहितेत पेन्सिलने खूण करून ठेवलं की दुसऱ्या दिवशी पहिल्या पाच मिनिटांत सूर लागतो. पार पिळून निघेपर्यंत चाललेल्या तालमीनंतर मात्र दुसऱ्या दिवशी अर्धा तास नुसता चहात जातो.

तीन तासांची तालीम आतून अशी असावी : पंधरा मिनिटं अंग आणि आवाज मोकळा करणं, पन्नास मिनिटं काम, दहा मिनिटं सुट्टी, पुन्हा पन्नास मिनिटं, पुन्हा दहा, मग अर्धा तास आज बसवलेल्याची सलग धाव, आणि शेवटी पंधरा मिनिटं नोट्स, म्हणजे दिग्दर्शकाच्या सूचना. सुट्टीत हॉलबाहेर पडायचं, नाटकाबद्दल बोलायचं नाही. नोट्सना पंधरा मिनिटंच का? रात्री अकरानंतर गोल करून बसलं की नोट्सचं प्रवचन होतं, प्रवचनाचं भांडण होतं, आणि थकलेल्या नटाच्या डोक्यात त्यातलं फक्त भांडण राहतं. प्रत्येकाला जास्तीत जास्त तीन नोट्स तोंडी. बाकीच्या लिहून, सकाळी नऊनंतर.

सकाळी नऊनंतर हे मुद्दाम म्हणतो आहोत. तालीम साडेनऊला संपते, पण व्हॉट्सअ‍ॅपवर ती रात्री दीडपर्यंत चालूच असते. ‘अरे तो शेवट ब्लॅकआउटऐवजी फ्रीझ केला तर?’ कल्पना चांगली असेलही. पण रात्री साडेबाराला ती आठ जणांची झोप उडवते. साडेदहानंतर ग्रुप बंद ठेवा, फक्त अ‍ॅडमिनला संदेश टाकता येईल अशी सोय त्यात असतेच. कल्पना सुचली तर उशाशी वही ठेवा, दोन ओळी लिहा, आणि ‘उद्या साडेसहाला हे करून पाहायचं’ असं वेळेसकट लिहा. अपुरं काम डोक्यात घोळत राहतं ते बहुधा त्याला जागा नेमून दिलेली नसते म्हणून. कधी आणि कसं करायचं हे कागदावर आलं की बऱ्यापैकी पिच्छा सुटतो.

झोपेबद्दल दोनच गोष्टी. एक, रात्री पाठ केलेले संवाद त्यावर पुरेशी झोप झाली तर पक्के होतात. जागून केलेलं पाठांतर सकाळी गळतं आणि ऐन प्रयोगात प्रॉम्प्टरकडे बघायची वेळ येते. दोन, सलग सतरा तास जागं राहिल्यावर माणसाची सावधगिरी आणि प्रतिसादाचा वेग रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असताना असतो तितका खालावतो, असं प्रयोगांत दिसलं आहे. आपल्या मोटार वाहन कायद्याची मर्यादा ०.०३ आहे. सकाळी सहाला उठलेला मुलगा रात्री अकरानंतर पावसात दुचाकीवर ट्रिपल सीट निघतो, तेव्हा त्याची अवस्था काय असते ते यावरून समजावं. रात्री दहाच्या कॉफीने हा प्रश्न सुटत नाही. कॅफिनचा अर्धा भाग साधारण पाच तासांनी, म्हणजे पहाटे तीनलाही अंगात असतो. शेवटचा चहा सहाला. साडेसातला खाणं, आणि रोज वडापाव नको : उसळ-पोळी, पोहे, केळी, शेंगदाण्याची चिक्की, जे कुणाच्या तरी घरून पाळीपाळीने येऊ शकतं ते.

‘चोवीस तास नाटक’ ही आपल्याकडे मिरवायची गोष्ट आहे. त्यावर एक उतारा. १९९३मध्ये बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिनवादकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दहा हजार तास रियाज केला की माणूस निष्णात होतो, ही जी गोष्ट सगळे ऐकवतात ती त्याच्यावरच बेतलेली. त्यातले सर्वांत सरस विद्यार्थी एकट्याने करायचा रियाज दिवसाला सरासरी साडेतीन तास करत. बैठका दीडेक तासाच्या, मध्ये विश्रांती. दुपारची डुलकी घेत आणि कमी सरस वादकांपेक्षा जास्त झोपत. दहा हजारांचा आकडा आपण उचलला, दुपारची डुलकी सोयीस्कर विसरलो.

बॅकस्टेजचं दुखणं वेगळं आहे आणि ते कुणाच्या नजरेत येत नाही. नटांची तालीम संपली की नेपथ्यवाल्यांची सुरू होते. फ्लॅट (नेपथ्याच्या भिंतींच्या चौकटी) ठोकणं, प्लाय कापणं, रंग मारणं हे सगळं शेवटच्या दोन रात्रींवर येतं, कारण ग्राउंड प्लॅन, म्हणजे रंगमंचावर काय कुठे असेल याचा आराखडा, बदलत राहतो. ग्राउंड प्लॅन चौथ्या आठवड्याच्या शेवटी गोठवा. त्यानंतर दिग्दर्शकाला दरवाजा उजवीकडून डावीकडे हवा असेल तर त्याने स्वतः येऊन तो ठोकावा. निम्मे बदल आपोआप रद्द होतात. सेट प्रयोगाच्या पाच दिवस आधी पुरा. पहाटेपासून जागं असलेल्या माणसाला रात्री शिडीवर चढून स्पॉट बांधायला लावू नका, करवत हातात देऊ नका. प्रकाशाची आणि संगीताची क्यू शीट (कोणत्या वाक्याला काय सुरू-बंद करायचं याची यादी) दोन प्रतींत ठेवा आणि ती चालवू शकणारा दुसरा माणूस तयार करा. ज्याच्यावाचून अडतं असा एकच माणूस असला की तो तापातही येतो, आणि त्याचं कौतुक होतं. ते कौतुक थांबायला हवं.

दिग्दर्शकाचंही तसंच. तो दिग्दर्शनाने थकत नाही. लेखकाचं परवानगीपत्र, संहिता तपासणाऱ्या सरकारी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र, प्राचार्यांची सही, टेम्पोवाल्याची आगाऊ रक्कम, हरवलेल्या प्रॉपर्टीचा (नाटकात वापरायच्या वस्तूंचा) शोध, रुसलेल्या नटाची समजूत, यांत तो संपतो. जे काम करायला तो आला त्याला दिवसातला तास मिळतो, तोही रात्री अकराला. परवानगी आणि प्रमाणपत्राचं काम संहिता ठरली त्याच आठवड्यात सुरू करा आणि ते नाटकात भूमिका नसलेल्या दोघांना वाटून द्या. पैशांचा हिशेब तिसऱ्याकडे. गोष्ट साधी आहे, पण ‘मीच केलं की नीट होतं’ हा दिग्दर्शकाचा जुना आजार असल्याने ती होत नाही.

एखादा माणूस नुसता दमला आहे की त्यापुढे गेला आहे, हे कसं ओळखायचं? दोन रात्री पुरी झोप आणि एक दिवस तालमीपासून पूर्ण सुट्टी द्या. दमलेला माणूस तिसऱ्या दिवशी वेळेआधी येऊन बसतो. पुढे गेलेला येतो, पण त्याला आत शिरावंसं वाटत नाही. आणखीही खुणा आहेत. पक्के झालेले संवाद भलत्याच जागी सांडतात. थट्टामस्करी बंद होते. दुसऱ्या कॉलेजची चांगली एकांकिका पाहतानाही त्याला फक्त चुका दिसतात. ‘आज तालीम रद्द’ असा संदेश आला की पहिल्यांदा हायसं वाटतं. एखाद्या वेळी ते सगळ्यांनाच वाटतं, पण आठवड्यात दर वेळी वाटत असेल तर पाणी मुरतं आहे. आवाज हीसुद्धा खूणच. ‘अरे आव्वाज कुणाचा’ घोषणा देऊन, त्यावर तालीम करून घसा बसतो. दोन आठवड्यांनंतरही तो बसलेलाच असेल तर गरम पाणी आणि ज्येष्ठमध यांच्या भरवशावर न राहता कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावं.

अशा माणसाला ‘ब्रेक घे’ म्हणून घरी पाठवणं हा उपाय वाटतो, पण तो एकटा पडतो आणि आपल्यावाचून सगळं चाललं आहे हे पाहून आणखी खचतो. त्याच्याकडच्या चार जबाबदाऱ्यांपैकी तीन काढून घ्या, एक छोटी, रोज तासाभरात संपणारी ठेवा. कॅनेडियन मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट व्हॅलरँड यांनी २००३मध्ये आवडीचे दोन प्रकार मांडले : जी आवड माणसाच्या ताब्यात असते ती, आणि जिच्या ताब्यात माणूस असतो ती. दुसऱ्या प्रकारातला माणूस तालमीला नसला तरी त्याचं मन तिथेच असतं, म्हणून नुसती सुट्टी त्याला पुरत नाही. त्याला नाटकाबाहेरचं काहीतरी ठरलेल्या वेळी करायला हवं : पोहणं, क्रिकेट, आईबरोबर मंडई, काहीही, अट एवढीच की तिथे नाटकाचा विषय काढणारा कुणी नसावा. झोप उडाली, जेवण तुटलं, कशातच अर्थ वाटत नाही असं दोन आठवडे चाललं तर तो नाटकाचा प्रश्न राहत नाही, डॉक्टरांकडे जावं. सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

प्राथमिक फेरीनंतरचे दिवस सर्वांत फसवे. निवड झाली तर त्याच रात्री बदलांची यादी सुरू होते. दोन दिवस संहितेला हात लावू नका. मग जास्तीत जास्त पाच बदल ठरवा आणि यादी बंद करा. निवड झाली नाही तर सगळंच एकदम थांबतं, आणि रोज संध्याकाळी साडेपाचला काय करायचं ते कळेनासं होतं. त्यासाठीही तीन गोष्टी आधी लिहून ठेवलेल्या बऱ्या : प्रॉपर्टी परत करायचा दिवस, आठ दिवसांत हिशेब मिटवायची बैठक, आणि तीन आठवडे नवी संहिता वाचायची नाही हा नियम. हिशेब लांबला की ज्याच्या खिशातले पैसे गेले तो कडवट होतो. नाटकाविषयीचा बराचसा कडवटपणा अशा सात-आठशे रुपयांतून उगवतो. एकांकिका पुढच्या स्पर्धांना न्यायची असेल तर किती न्यायची ते जुलैतच ठरवा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात सत्र परीक्षा असतात. त्यांच्या आधीचे तीन आठवडे एकही प्रयोग नको, आणि छोट्या भूमिकांना पर्यायी नट तयार हवा.

स्पर्धांच्या आयोजकांना आणि महाविद्यालयांना आमच्या विनंत्या मोजक्या आहेत. सादरीकरणाचे लॉट्स, म्हणजे कोणता संघ कधी हे ठरवणाऱ्या चिठ्ठ्या, निदान दहा दिवस आधी काढावेत, म्हणजे तांत्रिक तालमीचं नियोजन करता येईल. सेट लावायची वेळ पहाटेची देऊ नये. बाहेरगावच्या संघांना रात्री उशिराचा प्रयोग दिला तर मुक्कामाची सोय सांगावी. प्राचार्यांनी हॉल साडेनऊला बंद होईल असा लेखी नियम करावा, आणि त्याबदल्यात दुपारी तीन ते साडेपाच एखादा वर्ग तालमीला मोकळा ठेवावा. आज बहुतेक ठिकाणी उलटं आहे : दिवसा जागा मिळत नाही, रात्री वॉचमनकाकांना सांगून कितीही वेळ बसता येतं. प्रवेशअर्जात संघाच्या रंगमंच व्यवस्थापकाचं नाव दिग्दर्शकाच्या नावाशेजारी छापलं गेलं, तर किल्ली त्याच्या हातात देणंही सोपं जाईल.

कळावे,
आपले,
हौशी रंगभूमीवरील काही दिग्दर्शक, रंगमंच व्यवस्थापक व प्रकाशयोजनाकार, पुणे